ब्राझीलचा दीर्घ प्रवास : आखणीच्या अभ्यासाची प्रस्तावना

ब्राझील हा देश सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला असून दक्षिण अमेरिका खंडाचा जवळजवळ निम्मा भूभाग त्याने व्यापला आहे. भारताच्या अडीच पटींहून मोठ्या असलेल्या या देशात २६ राज्ये आणि एक संघीय जिल्हा आहे, आणि त्यांपैकी ॲमेझोनास या एकाच राज्यात महाराष्ट्राएवढी पाच राज्ये सामावतील. २०२२च्या जनगणनेनुसार लोकसंख्या मात्र वीस कोटींच्या थोडी वर भरते आणि तिचा मोठा भाग अटलांटिक किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात एकवटलेला आहे. प्रवाशाच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ सरळ आहे : दोन स्थळांमधले अंतर हीच येथील प्रवासाची मुख्य वस्तुस्थिती असते, आणि तीन ते सहा आठवड्यांचा प्रवास आखू पाहणाऱ्याला स्थळांची यादी करण्याआधी नकाशावरची मोजपट्टी पाहावी लागते. प्रस्तुत पुस्तकात ‘आखणी’ हा शब्द दिवसवार वेळापत्रक एवढ्या अर्थाने वापरलेला नाही. कोणते प्रदेश, कोणत्या ऋतूत, कोणत्या वाहनाने पाहायचे आणि मुख्य म्हणजे कोणते प्रदेश या खेपेस सोडून द्यायचे, याचा कारणांसह केलेला निर्णय म्हणजे आखणी, असे येथे गृहीत धरले आहे.

हा विषय गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांतील वाचकाला समोर ठेवून मांडण्यामागे कारण आहे. मराठी मध्यमवर्गाच्या परदेश प्रवासाची सवय ज्या वस्त्यांमध्ये घडली त्यांत या भागांचे स्थान वरचे आहे. १९८४ साली केसरी टूर्सची आणि २०१३ साली वीणा वर्ल्डची स्थापना झाली, आणि अशा संस्थांनी रूढ केलेल्या सामुदायिक सहलीमुळे निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया आणि इंग्रजी बोलण्याची धास्ती असणारी ज्येष्ठ मंडळी निर्धास्तपणे युरोप पाहून आली. सोबत मराठी बोलणारा सहल व्यवस्थापक, जेवणात वरण-भात आणि विमानतळापासून विमानतळापर्यंतची जबाबदारी दुसऱ्याकडे, ही व्यवस्था कमी लेखण्याजोगी मुळीच नाही. तिने एका संपूर्ण पिढीला जगाचे दार उघडून दिले. परंतु या सहलीचा साचा युरोपच्या मापाने घडलेला आहे, जिथे सकाळी एका देशात न्याहारी करून संध्याकाळी दुसऱ्या देशात मुक्काम करता येतो. तोच साचा दक्षिण अमेरिकेवर बसवला की रिओ दी जानेरो, इग्वासूचे धबधबे, ब्वेनोस आयरेस आणि माचू पिचू ही नावे एका दमात येतात आणि ब्राझीलच्या वाट्याला सहलीतले चार-पाच दिवस उरतात. ज्याला ब्राझील हाच देश पाहायचा आहे, त्याला आपली आखणी बव्हंशी स्वतःच करावी लागते.

त्यासाठी लागणारी बुद्धी या वस्त्यांना अनोळखी नाही. लालबाग-परळचा चाकरमानी गणपतीला कोकणात जाताना पाऊस, घाटरस्ता, कोकण रेल्वेचे आरक्षण, रजा आणि गावातल्या कार्याची तिथी या सगळ्यांचा मेळ महिनोन्महिने आधी घालतो. ब्राझीलची आखणी याच जातीची आहे, फरक एवढाच की तेथे पाऊस एक नसून प्रदेशागणिक निराळा आहे.

ब्राझीलचा बहुतेक भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे तेथील उन्हाळा डिसेंबर ते मार्च असतो, हे शालेय भूगोलातून ठाऊक असते. तथापि प्रवाशाच्या कामाचे ज्ञान त्याच्या पुढे सुरू होते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात उष्मा वर्षभर जवळपास सारखाच असतो, बदलते ती पाण्याची पातळी. मानाउस या शहराशी रिओ नेग्रो नदीचे पाणी साधारण जूनमध्ये सर्वांत वर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वांत खाली असते, आणि या दोन टोकांमध्ये सरासरीने दहा मीटरच्या आसपास, म्हणजे तीन मजल्यांच्या चाळीएवढे अंतर पडते. पाणी वर असताना जंगल बुडते आणि छोट्या होडीतून झाडांच्या शेंड्यांमधून फिरता येते. अशा काळ्या पाण्याने बुडणाऱ्या वनाला तेथे ‘इगापो’ म्हणतात, तर गाळाच्या पाण्याने बुडणाऱ्या पूरमैदानाला ‘वार्झेया’. पाणी खाली गेले की तीच जागा पायी फिरण्याची होते आणि नद्यांच्या काठी पांढऱ्या वाळूचे पट्टे उघडे पडतात. एकाच ठिकाणी मे महिन्यात गेलेला आणि नोव्हेंबरात गेलेला अशा दोन प्रवाशांनी पाहिलेले प्रदेश एकमेकांना ओळखू येणार नाहीत. अलीकडे ही लयही भरवशाची राहिलेली नाही : मानाउसच्या नोंदींतील सर्वांत उंच पातळी २०२१ साली आणि सर्वांत खालची पातळी २०२३ व पुन्हा २०२४ साली नोंदवली गेली, आणि त्या दुष्काळांत अनेक नदीकाठच्या गावांची जलवाहतूक ठप्प झाली. म्हणूनच जुन्या मार्गदर्शिकेतील महिन्यांवर विसंबण्यापेक्षा त्या वर्षीची पातळी पाहून निर्णय घ्यावा, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

पांतानालचे तंत्र याहून वेगळे आहे. पांतानाल म्हणजे देशाच्या पश्चिम भागातील विस्तीर्ण पाणथळ मैदान, जे साधारण डिसेंबर ते मार्च पुराखाली असते आणि मेपासून ओसरू लागते. जुलै ते सप्टेंबर या कोरड्या महिन्यांत उरलेल्या पाण्याभोवती प्राणी गोळा होतात, आणि पोकोने गावापासून पोर्तो जोफ्रेपर्यंत जाणाऱ्या सुमारे १४५ किलोमीटरच्या कच्च्या रस्त्यावरून, शंभराहून अधिक लहान पूल ओलांडत, जग्वार पाहण्यासाठी लोक जातात. ईशान्येकडील लेन्सोइस मारान्येन्सेस या वाळूच्या टेकड्यांच्या प्रदेशात पावसाच्या पाण्याची निळी तळी जून ते सप्टेंबर भरलेली असतात आणि वर्षाच्या अखेरीस बरीचशी आटून जातात. साल्व्हादोर शहरात मात्र एप्रिल ते जुलै हेच पावसाचे दिवस. रिओ आणि साओ पावलो येथे मे ते ऑगस्ट हा कोरडा व सौम्य थंडीचा काळ आहे. एकाच महिन्यात सर्व ठिकाणी उत्तम हवा मिळेल असा महिना ब्राझीलच्या पंचांगात नाही, हे एकदा मान्य केले की आखणीतील निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मुंबईच्या घराला बहुधा दोनच सुट्ट्या मोठ्या असतात, मे महिन्याची आणि दिवाळीची. मे महिन्यात निघणाऱ्याने रिओ, साओ पावलो, इग्वासू आणि पाण्याने भरलेले ॲमेझॉन यांचा विचार करावा, पांतानालकडून फार अपेक्षा ठेवू नये आणि साल्व्हादोर पुढच्या खेपेसाठी ठेवावे. दिवाळीत जाणाऱ्याला साल्व्हादोर आणि ईशान्येचा किनारा लाभतो, तपाजोस नदीकाठचे आल्तेर दो शाऊनचे वाळूचे किनारे उघडे मिळतात, परंतु लेन्सोइसची तळी सरत आलेली असतात. ज्यांच्या घरात शाळेचे वेळापत्रक राहिलेले नाही अशा निवृत्त दांपत्यांनी मुंबईचा पाऊस सुरू असताना, जुलै-ऑगस्टमध्ये जावे, हे सर्वांत चांगले. पांतानाल आणि लेन्सोइस दोन्ही तेव्हाच पूर्ण रूपात असतात आणि ही मुभा असलेल्यांनी ती वाया घालवू नये.

वाहनांचा प्रश्न ऋतूइतकाच निर्णायक आहे. लोकल आणि एक्स्प्रेसवर वाढलेल्या मुंबईकराला सर्वप्रथम हे पचवावे लागते की ब्राझीलमध्ये लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वे जवळपास नाही. बेलो होरिझोन्ते ते व्हितोरिया हा रोजच्या गाडीचा मार्ग आणि उत्तरेकडील काराजास मार्ग हे अपवाद वगळता लोहमार्ग मालवाहतुकीसाठी आहेत. रेल्वेची जागा बसने घेतली आहे. प्रत्येक शहराच्या मोठ्या बसस्थानकाला ‘रोदोव्हियारिया’ म्हणतात. तेथून सुटणाऱ्या गाड्यांचे दर्जे आसनाच्या झुकावावरून ठरतात आणि जवळजवळ आडवे होऊ शकणाऱ्या आसनाच्या गाडीला ‘लेइतो’ असे नाव आहे. रिओ ते साओ पावलो हे अंतर बसने सहा-सात तासांत कापता येते. साओ पावलोहून इग्वासूला जाण्यास मात्र सोळा-सतरा तास लागतात, आणि साओ पावलो ते मानाउस हे अंतर विमानानेसुद्धा सुमारे चार तासांचे आहे. मानाउसला दक्षिणेशी जोडणाऱ्या महामार्गाचा मधला मोठा पट्टा कच्चा असल्यामुळे तेथे पोहोचण्याचे व्यवहार्य मार्ग दोनच, आकाशमार्ग आणि नदी. बेलेम आणि मानाउस यांच्या दरम्यान चालणाऱ्या बोटी प्रवाहाबरोबर सुमारे चार दिवस आणि प्रवाहाविरुद्ध त्याहून एखाद-दोन दिवस जास्त घेतात. प्रवासी स्वतःची झोळी आणून डेकवर टांगतात आणि तीतच झोपतात. हा प्रवास सोयीचा नाही, परंतु ज्या प्रदेशात नदी हाच रस्ता आहे तो प्रदेश समजून घेण्याचा याहून खरा मार्ग नाही, आणि ज्यांची प्रकृती साथ देते त्यांनी चार आठवड्यांतील चार दिवस यासाठी जरूर राखावेत.

यावरून वगळण्याचे सूत्र हाती येते. चार आठवड्यांत तीन प्रदेश, सहा आठवड्यांत फार तर पाच, यापलीकडे गेलेली आखणी विमानतळांची आखणी होते. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतण्याचे तिकीट काढावे, म्हणजे आल्या वाटेने परत फिरण्यात दिवस जात नाहीत. मुंबईहून थेट विमान नसल्याने दुबई, दोहा, आदिस अबाबा किंवा युरोपातील एखाद्या शहरातून जावे लागते, आणि घड्याळ रिओमध्ये साडेआठ तास मागे असते; त्यामुळे पहिले दोन दिवस एकाच शहरात काढणे शहाणपणाचे.

ते पहिले शहर साओ पावलो असावे, असे सुचवताना परळच्या वाचकाला एका जुन्या नात्याची आठवण करून देणे आवश्यक आहे. १८९६ साली मुंबईत गाठीच्या प्लेगची साथ आली आणि मांडवी भागातील रुग्णांवरून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तिचे निदान केले. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली, जी १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. बंदरांबंदरांतून पसरत गेलेली हीच जागतिक साथ १८९९ मध्ये साओ पावलोचे बंदर असलेल्या सांतोस येथे पोहोचली आणि तिच्यावरील लसद्रव्य देशातच बनवण्याच्या गरजेतून साओ पावलोच्या सीमेवर १९०१ साली बुतान्तान इन्स्टिट्यूट स्थापन झाली. या संस्थेचे पहिले संचालक डॉ. व्हितल ब्राझील यांनी पुढे सर्पदंशावरील संशोधनात एक मूलभूत गोष्ट सिद्ध केली : नागाच्या विषापासून फ्रान्समध्ये तयार केलेले प्रतिविष दक्षिण अमेरिकेतील सापांच्या दंशावर चालत नाही, कारण प्रतिविष ज्या जातीच्या विषापासून बनवले जाते त्या जातीपुरतेच किंवा तिच्या जवळच्या जातींपुरतेच ते गुणकारी असते. परळमध्येही प्लेगच्या प्रयोगशाळेचे काम पुढे सर्पविषाकडे वळले आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या दंशावरील औषधाशी हाफकिनचे नाव जोडले गेले. एकाच रोगामुळे जन्मलेल्या आणि पुढे एकाच दुसऱ्या कामाला लागलेल्या या दोन संस्था दोन खंडांत जुळ्या बहिणींसारख्या उभ्या आहेत, आणि केईएम रुग्णालयाच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या माणसाने साओ पावलोत बुतान्तानचे सर्पालय न पाहता पुढे जावे हे योग्य वाटत नाही. रिओच्या किनाऱ्यावर आणखी एक दुपार काढण्यापेक्षा ती भेट मोलाची आहे.

गिरणगावातून जाणाऱ्याने त्याच शहरातील आणखी एक जागा आवर्जून पाहावी. पोंपेया या जुन्या कामगार वस्तीत लोखंडी पिंपे बनवणारा एक बंद कारखाना होता. व्यापारक्षेत्राच्या पैशावर चालणाऱ्या सेस्क या समाजसेवी संस्थेने तो पाडण्याऐवजी लीना बो बार्दी या इटलीत जन्मलेल्या वास्तुविशारद स्त्रीकडे सोपवला, आणि जुन्या विटांच्या शेड तशाच ठेवून तिने तेथे वाचनालय, नाट्यगृह, कार्यशाळा आणि उपाहारगृह उभे केले. हे केंद्र १९८२ साली खुले झाले. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या दशकांत गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. पोंपेयात कुणीही आत येऊन बसू शकते, म्हातारे बुद्धिबळ खेळतात, मुले पुस्तके वाचतात. गिरणगावातही असे होऊ शकले असते, आणि ज्या थोड्या गिरण्यांचे सांगाडे अद्याप उभे आहेत त्यांच्याबाबत अजूनही होऊ शकते. प्रवासाच्या पुस्तकात ही गोष्ट लिहिणे अस्थानी वाटेल, पण दूरच्या शहरात जाऊन आपल्या शहराविषयी काही ठाम मागणी घेऊन यावे, हा प्रवासाचा एक चांगला उपयोग आहे.

अन्नाच्या बाबतीत शाकाहारी वाचकाची भीती बरीच अकारण आहे. ब्राझीलचे रोजचे जेवण म्हणजे भात आणि घेवड्याची उसळ. उसळीत मांसाचा तुकडा घातलेला असू शकतो, तेवढे विचारून घ्यावे. शहरांत वजनावर जेवण देणारी उपाहारगृहे सर्वत्र आहेत, जिथे भाज्या, भात आणि कोशिंबिरी स्वतः वाढून घेऊन ताटाच्या वजनाचे पैसे द्यायचे असतात. याशिवाय दादरच्या घरातल्या उपासाच्या ताटाचे मूळ याच खंडात आहे : साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून बनतो तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातून जगभर गेला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा अँडीजचा आणि मिरचीही अमेरिकेचीच. कसाव्याच्या पिठीची गरम तव्यावर घातलेली पांढरी पोळी ब्राझीलमध्ये सकाळी रस्तोरस्ती मिळते आणि ती खाताना परकेपणा वाटत नाही.

पोर्तुगीज भाषेची अडचण मात्र खरी आहे. मोठ्या हॉटेलांबाहेर इंग्रजी फारसे चालत नाही, आणि आकडे, वार, दिशा व खाण्याचे पदार्थ यांपुरते शे-दीडशे शब्द शिकून घेणे हा तयारीचा अनिवार्य भाग समजावा. दादरला गोखले रोडवरील पोर्तुगीज चर्चपाशी रोज उतरणाऱ्या प्रवाशाला या भाषेच्या सत्तेची खूण नव्याने दाखवायला नको. ते चर्च सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झाले. आजची इमारत चार्ल्स कोरिया यांची आहे. मुंबई बेटे इंग्रजांच्या ताब्यात जाण्यापूर्वी, म्हणजे १६६०च्या दशकापर्यंत, गोवा, मुंबई आणि ब्राझील यांवर एकाच लिस्बनहून राज्य चालत होते, गोव्याहून परतणारी जहाजे अनेकदा साल्व्हादोरला थांबत, आणि काजूचे झाड त्याच संबंधातून कोकणात आले.

या वाटेने आधी गेलेल्यांचे वाचन आखणीला खोली देते. मुंबईचे पारशी सायकलस्वार फ्रामरोझ दावर १९२४ मध्ये येथून निघाले आणि व्हिएन्नात भेटलेल्या ऑस्ट्रियन साथीदारासह त्यांनी अँडीज पर्वत आणि ॲमेझॉनचे खोरे ओलांडले. १९३१ साली संपलेल्या त्या प्रवासाची आठवण या शहरात फार कमी जणांना आहे, ही खेदाची गोष्ट आहे. मराठीत मीना प्रभू यांचे ‘दक्षिणरंग’ हे दक्षिण अमेरिकेवरील पुस्तक प्रत्येक ग्रंथालयात असायला हवे, आणि निघण्यापूर्वी ते वाचून काढावे.

पैशाचे आणि सुरक्षेचे तपशील पुढील प्रकरणांत आहेत. येथे एवढेच नोंदवावे की देशांतर्गत बस व विमानाची तिकिटे काढताना तेथील अनेक संकेतस्थळे ‘सीपीएफ’ हा स्थानिक करक्रमांक मागतात, त्यामुळे काही आरक्षणे खिडकीवर जाऊनच करावी लागतात, आणि त्यासाठी आखणीत थोडी मोकळी जागा ठेवावी लागते.

सर्व निर्णयांच्या आधी घ्यायचा निर्णय वैद्यकीय आहे. ब्राझीलच्या मोठ्या भागात पीतज्वर आढळतो, आणि त्या देशातून परतणाऱ्या प्रवाशाकडे पीतज्वराच्या लसीचे वैध प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. अशी केंद्रे परळच्या केईएम आणि भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात आहेत. प्रमाणपत्र लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. परंतु साठीपुढील व्यक्ती, गर्भवती स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी उणावली आहे अशांच्या बाबतीत या लसीत जोखीम असते, आणि मराठी दीर्घ प्रवासी बहुधा साठीच्या पुढचाच असतो. म्हणून विमानाचे तिकीट, रजेचा अर्ज किंवा हॉटेलची आगाऊ रक्कम यांपैकी काहीही करण्यापूर्वी वाचकाने आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि लस घेता येणार नाही असे ठरल्यास ब्राझीलऐवजी दुसरा देश निवडावा.